चर्चकडला उंट

लेओकादियाला आयुष्यात खूप काही मिळालं होतं. नवरा चांगला मिळाला, गळा चांगला मिळाला, तिच्या हातच्या पेरूच्या वड्या खायला पार रेमेदिओसहून माणसं येत. राहून गेलेली गोष्ट एकच, आणि ती कुणाला सांगावी तर हसूच येईल अशी. तिला पटावरचं आपलं घर सोडून चालायचं होतं. एकदाच. चोपन्न वर्षांपूर्वी ती त्या घरात उभी राहिली होती आणि डाव संपेपर्यंत तिथून हललीच नव्हती. तिला हलवणं ज्याच्या हातात होतं तो तिचा सख्खा थोरला भाऊ फाब्रिसिओ, शेजारच्या दारात राहायचा आणि रोज सकाळी तिच्याच ओट्यावर बसून तिच्याच हातची कॉफी प्यायचा.

त्या वर्षी पुंता सालिनाच्या चर्चला शंभर वर्षं पुरी होत होती. गावात नवीनच आलेल्या पाद्रे नोएलनं म्हाताऱ्यांच्या तोंडून माणसांच्या बुद्धिबळाची गोष्ट ऐकली आणि ठरवलं, सान्ता लुसियाच्या सणाला चौकात पुन्हा तोच डाव मांडायचा. समोर पूर्वीसारखंच रेमेदिओस गाव. पांढऱ्या बाजूला त्या दिवशी जी मुलं मोहरी म्हणून उभी होती, त्यांतली जी हयात आहेत ती आपापल्या जागी उभी राहतील. बाकीच्या जागा त्यांच्या घरच्यांनी भरायच्या. चाली सांगायला अर्थातच फाब्रिसिओ.

"म्हणजे मी पुन्हा चर्चकडला उंट," लेओकादिया कॉफी ओतता ओतता म्हणाली.

"तुझी जागाच ती."

"जागा माहितीये मला. चांगली पाठ आहे. फाबो, या खेपेला तरी काढशील का मला?"

फाब्रिसिओनं कपात फुंकर मारली. साखर कारखान्याच्या रेल्वेत चाळीस वर्षं सिग्नल सांभाळलेला माणूस. आपण होऊन तो कधी हो म्हणायचा नाही आणि कधी नाहीही म्हणायचा नाही.

"डाव कसा जातो त्यावर आहे."

"डाव कसा जातो ते तूच ठरवतोस की. चोपन्न वर्षं एकच सुरुवात. वजिरापुढचं प्यादं दोन घरं, समुद्राकडला घोडा बाहेर, मग राजापुढचं प्यादं एक घर. की माझ्या तोंडावर दार बंद."

"त्या सुरुवातीनं मी जिंकतो."

"गुरुवारी न्हाव्याकडून हरलास."

"न्हावी बोलतो फार. डोकं चालू देत नाही."

ती हसली, पण ते हसू ओट्याच्या पायरीपर्यंतही पोचलं नाही. पासष्टाव्या वर्षी उजवा गुडघा ढगाळ हवेत करकरायचा. आणखी एकदा असा डाव मांडला जाईल तेव्हा आपण उभ्या राहू शकणार नाही, हे तिला ठाऊक होतं. जे काय व्हायचं ते याच सणाला.

ती सुरुवात कुठून आली ते सांगायचं तर पाद्रे उर्सिनोंपाशी जावं लागतं.

पाद्रे उर्सिनो खेड्यातले. डोंगराकडच्या तंबाखूच्या मळ्यातून आलेले. त्यांचं प्रवचन ऐकायला मिठागरातली माणसं हातपायही न धुता यायची, पांढऱ्या खारट बोटांनी टोप्या छातीशी धरून. कारण पाद्रे प्रवचन गायचे. आधी साधंच बोलायला लागायचे, कुणाची गाय हरवली, कुणाच्या होडीला भोक पडलं. मग बोलता बोलता हात गिटारीकडे जायचा, आणि कोणत्या शब्दापाशी बोलणं संपून गाणं सुरू झालं हे कुणाला कळायचं नाही. मळेकऱ्यांच्या रानातल्या चालीत दहा ओळींचं कडवं जागच्या जागी जुळवायचे. मधेच थांबून एक विनोद, लोक हसत असतानाच पुढचं कडवं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी. लेओकादियानं पुढं आयुष्यात रेडिओवर मोठेमोठे गवई ऐकले, पण असं गाण्यातून थेट काळजाला हात घालणं पुन्हा तिच्या कानी पडलं नाही. देवावर तिचा विश्वास बसला तो त्या गळ्यामुळं. उलटं असायला हवं म्हणतात. तिचं असं झालं खरं.

हेच पाद्रे दुपारी चर्चच्या पडवीत मुलांना बुद्धिबळ शिकवायचे. तेही गाऊन. घोडा कसा उडतो त्याचं एक गाणं, किल्लेकोट कधी करावा त्याचं एक. उंटांचं गाणं सगळ्यांत सोपं होतं, दोनच ओळी, म्हणून ते सगळ्यांना पाठ:

आधी उंट काढा अंगणी,
मग ओढा दाराला कडी.

"उंट तिरका चालतो," पाद्रे सांगायचे. "त्याला लांबवरचं दिसतं, पण समोर आपलंच प्यादं आडवं आलं तर तो आंधळा. प्यादं एक घर पुढं सरकवलं की एका उंटाची वाट मोकळी होते आणि दुसऱ्याची बंद होते. मग करायचं काय? जो कोंडला जाणार आहे त्याला आधी बाहेर पाठवायचं. चांगल्या घरी बसवायचं, जिथून त्याला पट दिसेल आणि कुणी सहज हुसकावणार नाही. आणि मग प्याद्यानं दार लावायचं. सकाळी घरातनं निघताना तुमची आई काय करते? सगळी पोरं बाहेर आली का बघते, मग कुलूप लावते. तेच."

पडवीतल्या पोरांत फाब्रिसिओ सगळ्यांत हुशार. पंधरा वर्षांचा, मिसरूड फुटलेलं. आणि अकरा वर्षांची लेओकादिया त्याच्या मागं मागं.

सान्ता लुसियाच्या सणाला पाद्रेंनी रेमेदिओसच्या मुलांशी डाव ठरवला. चौकात चुन्यानं चौसष्ट घरं आखली. अर्धी घरं चुन्यानं पांढरी, अर्धी नुसत्या मातीची. चौकाच्या एका अंगाला चर्च, दुसऱ्या अंगाला समुद्र, म्हणून वजिराकडची मोहरी ती चर्चकडली आणि राजाकडची समुद्राकडली. चाल सांगायची तीही गाऊन. कारण साधं होतं. डिसेंबरात समुद्राचा वारा असा सुटतो की ओरडून बोललेलं हवेत फाटून जातं, पण सूर लावून म्हटलेलं पलीकडच्या कडेपर्यंत पोचतं. आणि एक कायदा, पाद्रेंचा स्वतःचा: पटावर हात लावलेलं मोहरं हलवावंच लागतं, तसं इथं ज्या मोहऱ्याचं पाऊल घराबाहेर पडेल त्याचीच चाल. म्हणून कुणी जागचं हलायचं नाही.

आईनं लेओकादियाला निळी टोपी शिवली, आणि मिठागरातनं अर्ध्या दिवसाची रजा काढून ती पहिल्या रांगेत येऊन बसली. फाब्रिसिओनं तिसऱ्याच चालीला राजापुढचं प्यादं एक घर पुढं घेतलं. रुपेर्तो नावाचं नऊ वर्षांचं पोर, ते ऐटीत पाऊल टाकून लेओकादियाच्या तिरक्या वाटेवर जाऊन उभं राहिलं. समुद्राकडला उंट सिल्वेरिओ, तो मात्र मोकळा झाला. तो निघाला, चांगल्या घरी बसला, पुढं राजाच्या दारातलं प्यादं खाऊन त्यानं असा काही हल्ला चढवला की तिसाव्या चालीला मात. गावानं फाब्रिसिओला खांद्यावर घेतलं. लेओकादिया दोन तास आपल्या मातीच्या घरात उभी होती. आई मधूनमधून हातानं विचारायची, तू कधी निघणार? ती मानेनं सांगायची, आता. डाव संपल्यावर आईनं टोपी सारखी केली आणि म्हणाली, "छान उभी राहिलीस हो."

एवढ्यावर मिटलं असतं. पण त्याच संध्याकाळी पाद्रे उर्सिनोंनी प्रवचनात हा विषय घेतला. आधी फाब्रिसिओचं कौतुक केलं. लोक खूश. मग हात गिटारीकडे गेला, उंटांच्या दोन ओळी झाल्या आणि त्यांना त्यांनी आणखी दोन जोडल्या:

जिंकून आला राजा रणी,
आत राहिला एक गडी.

लोक हसले. कुचेष्टेनं कुणी हसलं नव्हतं, पण पंधरा वर्षांच्या पोराला सगळं गाव आपल्याला हसतंय एवढंच ऐकू आलं. तो बाकावरून उठला, मधल्या वाटेनं चालत बाहेर गेला आणि पडवीत पुन्हा कधी आला नाही. गाणंही तेव्हाच सुटलं. आणि तेव्हापासून न्हाव्याच्या दुकानात असो, कारखान्याच्या स्पर्धेत असो, पांढरी मोहरी हाती आली की तीच सुरुवात. चर्चकडला उंट कोंडून. पाद्रे दहा वर्षांनी वारले तेव्हा त्यांची शवपेटी उचलायला तो पहिला होता, पण उंटांच्या बाबतीत त्यांचं बरोबर होतं हे काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

सणाच्या दिवशी आकाश लख्ख होतं आणि वारा असा की टोप्या धरून चालावं. पाद्रे नोएलनं चर्चच्या पायरीवर मोठा कर्णा आणि मायक्रोफोन लावला होता. फाब्रिसिओचीच अट होती ती. मी गाणार नाही, म्हणाला, मी काही देवळातला पोपट नाही.

मोहरी आपापल्या घरांत गेली. पांढऱ्यांत बारा जण जुने निघाले. सिल्वेरिओ काठी घेऊन आला. रुपेर्तो, तोच तो राजापुढचा प्यादा, आता त्रेसष्टचा. चरकाच्या घरघराटात आयुष्य गेल्यानं त्याला ऐकू कमी यायचं. लेओकादियानं नवे पांढरे कापडी बूट घातले होते.

"अगं, लग्नाला निघालीस का?" सिल्वेरिओनं पलीकडून विचारलं.

"तुला काय, तू मागं भरपूर हिंडलास. माझे बूट अजून कोरे आहेत."

"बसायला खुर्ची आणू का?" पाद्रे नोएलनं काळजीनं विचारलं. "लेओकादियाबाई, गुडघा..."

"पाद्रे, उंट बसला की उठायला वेळ लावतो. राहू द्या."

रेमेदिओसकडून चाली सांगायला बाल्दोमेरो आला होता. निवृत्त शाळामास्तर, कडक इस्त्रीचा शर्ट, अदब अशी की जिंकतानाही माफी मागेल. नाणेफेक वगैरे काही नव्हतं, पांढरी पुंता सालिनाची हे ठरलेलं.

कर्ण्यातून फाब्रिसिओचा कोरडा आवाज आला. वजिरापुढचं प्यादं, दोन घरं. रेमेदिओसनंही तेच केलं. समुद्राकडला घोडा बाहेर. त्यांचाही घोडा बाहेर. इथपर्यंत सगळं चोपन्न वर्षांपूर्वीसारखं. लेओकादियाच्या समोरची तिरकी वाट मोकळी होती, थेट पटाच्या पलीकडच्या कडेपर्यंत. तिनं भावाकडं पाहिलं. तो पटाकडं पाहत होता.

आणि वीज गेली. कर्णा एकदा कुरकुरला आणि गप्प झाला. कुणाला नवल वाटलं नाही. वीज जायचीच, सणाला तर हटकून.

"ओरडून सांगा," पाद्रे नोएल म्हणाला.

फाब्रिसिओनं तोंडाशी हात धरले आणि ओरडला. जवळ उभ्या असलेल्यांना ऐकू आलं: राजापुढचं प्यादं, एक घर. लेओकादियाला नीट ऐकू आलं. पण वाऱ्यानं ते शब्द उचलले आणि समुद्राकडं नेले, आणि रुपेर्तो कानामागं हात धरून इकडंतिकडं पाहत राहिला.

"काय म्हणाला?" त्यानं शेजारच्याला विचारलं.

"पुढं सरक म्हणतोय," शेजारचा म्हणाला.

"कुणाला?"

अकराव्या वर्षी लेओकादियानं मान हलवून आईला सांगितलं होतं, आता. तो आता अजून व्हायचाच होता. हे दार एकदा लागलं की संपलं. तिनं विचार केला असं म्हणता येणार नाही. विचार केला असता तर ती हललीच नसती. उजवा पाय उचलला गेला आणि तिरक्या दिशेनं, घराच्या कोपऱ्यावरून, पुढं पडला. बुटाच्या टोकाला चुना लागला.

मागं बसलेल्या बायकांतून एक हुंकार उठला. म्हातारी माणसं कायदा विसरली नव्हती.

"पाऊल पडलं," कुणीतरी म्हणालं.

पाद्रे नोएल गडबडला. त्याला कायदा ऐकून माहीत होता, वापरायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. चाल तर सांगितली गेली होती, पण प्यादं अजून जागेवर होतं आणि उंटाचं पाऊल बाहेर. बाल्दोमेरो टोपी काढून पुढं आला.

"पाद्रे, मला वाटतं बाईंचा तोल गेला असेल. वारा आहे. मी तर काही पाहिलं नाही. सेन्योर फाब्रिसिओंनी जी चाल सांगितली तीच धरू या. आमची हरकत नाही."

भला माणूस. त्याच्या भलेपणानं लेओकादियाचं तोंड उतरलं. आता पाऊल मागं घ्यायचं एवढंच उरलं. तिनं घेतलं नाही. चोरी करून उभ्या असलेल्या पोरासारखी ती तशीच राहिली, एक पाय आत, एक बाहेर, आणि मान खाली.

"काय म्हणता, फाब्रिसिओ?" पाद्रे नोएलनं विचारलं. "तुम्ही सांगाल तसं."

फाब्रिसिओ पायरीवरून उतरला. पटाच्या कडेकडेनं चालत आला आणि तिच्या घरासमोर थांबला. तिच्या चेहऱ्याकडं त्यानं पाहिलं नाही. बुटाकडं पाहिलं, चुन्याच्या पुसट झालेल्या कोपऱ्याकडं पाहिलं. मग रुपेर्तोकडं, जो अजून कानामागं हात धरून उभा होता.

"मुद्दाम टाकलंस?" त्यानं हळूच विचारलं.

"हो."

"कायद्याची चेष्टा आहे ही."

"आहे. मग घालव मागं."

"घरात दोन तास उभं राहायला काय जातं माणसाचं?"

"काही जात नाही," ती म्हणाली. "पण फाबो, तू बोलावलंस तर मला यायचं होतं. एवढंच होतं."

तो वळून पायरीशी परत गेला आणि पाद्रे नोएलला म्हणाला, "तोलबिल काही नाही. पाऊल बाहेर आहे, मी पाहिलं. बाहेर पडलेलं मोहरं हलवायलाच हवं. उंटाची चाल."

नियमाचा पक्का माणूस, लोक एकमेकांना म्हणाले. लेओकादियालाही क्षणभर तसंच वाटलं. नियम म्हणून तो तिला एक घर सरकवील, दारातच उभी करील, आणि मग प्यादं पुढं घेईल. नियमही राहील आणि त्याची सुरुवातही राहील.

फाब्रिसिओनं पुन्हा तोंडाशी हात नेले. वाऱ्याचा झोत आला, आवाज विरला. त्यानं हात खाली घेतले. घसा खाकरला. आणि मग गावानं चोपन्न वर्षांत न ऐकलेली गोष्ट ऐकली. बेसूर, खरखरीत, गंजलेल्या कडीसारखा आवाज, पण चाल तीच, मळेकऱ्यांच्या रानातली:

"चर्चकडला उंट निघू दे... तीन घरं, समुद्राकडं..."

तीन घरं. म्हणजे प्याद्याच्या पुढं, दाराच्या बाहेर, भर अंगणात.

ती चालली. पहिलं घर कसं ओलांडलं ते तिला कळलं नाही. दुसऱ्या घरात गुडघा करकरला. तिसऱ्यात पोचल्यावर ती वळली आणि तिला पहिल्यांदा तो पट पुढच्या बाजूनं दिसला. शेजारची सगळी माणसं मागं राहिली होती, समोर रेमेदिओसच्या वजिराकडच्या बाजूपर्यंत लांबच लांब तिरकी रेघ, आणि अंगावर वारा. मागं तिनं रुपेर्तोला खूण केली, हातानं, की आता ये पुढं. पुढच्या चालीला फाब्रिसिओनं तेच गाऊन सांगितलं, आणि दार लागलं. ती बाहेर होती. सिल्वेरिओचीही वाट मोकळी झाली. पाद्रे उर्सिनोंचा धडा चौकात जसाच्या तसा मांडला गेला होता आणि तो मांडणाऱ्याच्या कपाळावर घाम होता, कारण यापुढचं त्याला काही पाठ नव्हतं.

बाल्दोमेरोनं आपला उंट तिच्या समोर आणून ठेवला. रेमेदिओसच्या बेकरीतला गलेलठ्ठ माणूस, पिठाचा वास घेऊन आला.

"बाई, तुम्हाला मारायचं म्हणजे पाप लागेल हो."

"मग मारू नका."

"माझ्या हातात आहे का ते? मास्तर सांगतील तसं."

पण मास्तरांच्या आधी फाब्रिसिओनंच तिला एक घर मागं, समुद्राच्या बाजूला घेतलं. म्हणजे मारामारी झालीच तर शेजारचं प्यादं बदला घेईल आणि हत्तीला वाट मिळेल. शहाणी चाल होती. मास्तरांनी मान डोलावली आणि मारामारी टाळली.

डाव लांबला. बेकरीवाला एका घोड्याच्या बदल्यात गेला, सिल्वेरिओ दुसऱ्या घोड्याच्या बदल्यात गेला आणि खुशीत बाकावर जाऊन उसाचा रस पीत बसला. हत्ती गेले, वजीर गेले. उन्हं उतरायला लागली तेव्हा पटावर दोन राजे, थोडी प्यादी आणि दोनच उंट उरले. इकडून लेओकादिया. तिकडून एवेलिओ नावाचा रेमेदिओसचा जुना पोस्टमन, जो सबंध दुपार आपल्याच प्याद्यांमागं कोंडून उभा होता, म्हणूनच वाचला होता.

"बाई," एवेलिओ लांबून म्हणाला, "तुम्ही मातीच्या घरांवर, मी चुन्याच्या. आपण दोघं रात्रीपर्यंत फिरलो तरी समोरासमोर यायचं नाही."

"मग लांबूनच बोला. पत्रं वाटायचात तेव्हा काय घरात शिरून गप्पा मारायचात?"

"वड्यांच्या वासावर शिरायचो ना. तुमच्याच गावात बदली मागितली होती दोनदा."

फाब्रिसिओकडं एक प्यादं जास्त होतं. पण असे दोन रंगांचे उंट उरले की एका प्याद्यानं काही होत नाही, हे पडवीतल्या पोरालाही माहीत. बाल्दोमेरोनं टोपी काढून बरोबरी विचारली. फाब्रिसिओनं नाही म्हणून मान हलवली. बरोबरी त्यानं जन्मात घेतली नव्हती. एक प्यादं हातात असताना तर नाहीच. आणि तो तिला फिरवायला लागला.

"उंट, दोन घरं, चर्चकडं..." ती गेली. "उंट, चार घरं, समुद्राकडं..." ती आली. एवेलिओ बिचारा दोन चुन्याच्या घरांत येरझाऱ्या घालत होता, त्याला तेवढंच काम. लेओकादियाला मात्र लांब लांबच्या वाटा. पहिल्या पाच-सहा चाली ती मिरवत गेली. बायका टाळ्या वाजवत होत्या. सातव्या चालीला गुडघ्यात सुई टोचली. आठव्याला तिनं परकर मुठीत धरला. नवव्याला घामानं केस गालाला चिकटले. पण तोंडातून चकार शब्द नाही. चालायचं म्हणून पाऊल बाहेर टाकणारी बाई, आता कोणत्या तोंडानं थांबवा म्हणणार? ती हसत राहिली.

दहाव्या चालीला लांबची वाट होती. अर्ध्यावर ती थांबली, वाकली, बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. मग दुसऱ्या बुटाचीही.

फाब्रिसिओ पाहत होता. पुढची चाल त्याच्या डोक्यात असणार. त्याचे ओठ हलले होते. राजा पुढं सरकवून, उंट पुन्हा फिरवून, अजून वीस चालींनंतर मास्तर चुकलाच तर डाव हातात आला असता. मास्तर दमलेला होता, चुकलाही असता. ती आपल्या घरात पोचली आणि चेहरा हसरा ठेवून उभी राहिली, सगळं वजन डाव्या पायावर.

"बरोबरी," फाब्रिसिओ म्हणाला. गाऊन नाही, साध्या आवाजात, पण वारा पडला होता, सगळ्यांना ऐकू आलं.

बाल्दोमेरोनं हात पुढं केला. गावातल्या काहींना वाईट वाटलं, एक प्यादं जास्त असताना सोडलं म्हणून. न्हावी तर उघडच बोलला.

लेओकादिया घरातून हलली नाही. फाब्रिसिओ पटावर आला.

"मी थांबव म्हटलं होतं का?"

"नाही म्हटलंस, म्हणूनच थांबवलं."

"जिंकला असतास."

"असतो कदाचित." त्यानं हाताचं कोपर पुढं केलं. "धर. सिल्वेरिओजवळ सावली आहे."

"मला चालता येतं."

"ते पाहिलं सगळ्यांनी. धर."

तिनं धरलं. बाकापर्यंतची वाट सरळ होती. दोघं सावकाश निघाले, चुन्याच्या घरावरून, मग मातीच्या, मग पुन्हा चुन्याच्या, आणि कोपरावरचा तिचा भार त्यानं कुणाला दिसू दिला नाही.

"नवव्या चालीला मला परत चर्चकडं का नेलंस?" थोडं चालल्यावर ती म्हणाली. "तिथं काही नव्हतं. मला समोरून दिसत होतं ना."

"मग सांगायचं होतंस."

"मोहऱ्यानं बोलायचं नसतं."

"पाऊल टाकायचं असतं होय?" तो म्हणाला. "बरं, मग कुठं न्यायला हवं होतं तुला?"

ती थांबली, वळली, आणि मोकळ्या पटाकडं बोट करून त्याला समजावून सांगू लागली.